एसएसडीला झिजेची नव्हे, विजेची भीती

वाचकाचे पत्र : मी अकोल्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. घरच्या डेस्कटॉपमध्ये चौदा महिन्यांपूर्वी ४८० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारा, साटा केबलने जोडायचा ड्राइव्ह) बसवून घेतली. जुनी १ टीबीची हार्ड डिस्कही त्याच कॅबिनेटमध्ये आहे आणि रॅम ८ जीबी आहे. एसएसडीवर लिहिण्याचे आयुष्य मोजून दिलेले असते, तेव्हा जपून वापरा, असे ती बसवणाऱ्या तंत्रज्ञाने बजावले होते. म्हणून काही व्हिडिओ पाहून मी पेज फाइल बंद केली, हायबरनेशन (चालू काम ड्राइव्हवर उतरवून संगणक बंद करण्याची सोय) बंद केले, ब्राउझरची कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) हार्ड डिस्कवर वळवली, विंडोजचे साप्ताहिक ऑप्टिमायझेशन थांबवले आणि त्याऐवजी एका वेगळ्या प्रोग्रॅमने दर महिन्याला डीफ्रॅग करतो. तरीही एसएसडीचे आरोग्य ९५ टक्क्यांवर आले आहे. अलीकडे मोठ्या फाइली कॉपी होताना वेग फारच मंदावतो आणि मधूनच मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो. आमच्याकडे वीज सारखी जाते. मुलीच्या लग्नाचे आणि नातवंडांचे फोटो याच ड्राइव्हवर आहेत. आणखी काही फोटो मेहुण्यांनी दिलेल्या एका जुन्या एसएसडीवर भरून ती कपाटात ठेवली आहे. हा ड्राइव्ह आणखी किती वर्षे चालेल आणि मी अजून कोणती काळजी घ्यावी?

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची प्रकृती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीचे छायाचित्र पाठवलेत, हे फार बरे झाले. एसएसडीबद्दलच्या बहुतेक शंकांची उत्तरे त्या एका खिडकीत असतात, आणि तुमच्या शंकेचे तर आहेच. त्यात ‘होस्ट रायट्स’ या नावाखाली ५,८४० जीबी हा आकडा दिसतो. याचा अर्थ, चौदा महिन्यांत तुमच्या संगणकाने या ड्राइव्हवर साधारण पावणेसहा टेराबाइट एवढे लिहिले, म्हणजे दिवसाला १४ जीबीहूनही थोडे कमी. तुमच्या ड्राइव्हच्या खोक्यावर १२० टीबीडब्ल्यू असे छापले आहे, म्हणजे १२० टेराबाइट लिहून होईपर्यंत उत्पादक हमी पाळतो, अर्थात हमीची वर्षे त्याआधी संपली नाहीत तर. सध्याच्या गतीने तो आकडा गाठायला अजून साधारण २३ वर्षे लागतील. आरोग्याच्या टक्केवारीचा हिशेबही हेच सांगतो : चौदा महिन्यांत पाच टक्के, तर शंभर टक्के सरायला २८० महिने. तेवढ्या काळात तुमचा मदरबोर्ड, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि बहुधा विंडोजच्या दोन-तीन आवृत्त्याही कालबाह्य झालेल्या असतील.

तंत्रज्ञाचे म्हणणे तत्त्वतः खोटे नाही. एसएसडीतल्या चिपमध्ये, म्हणजे फ्लॅश स्मृतीत, प्रत्येक पेशीत विद्युतभार कोंडून माहिती साठवलेली असते, आणि लिहिताना-पुसताना त्या भाराला ज्या अतिशय पातळ विरोधक थरातून ये-जा करावी लागते तो थर दर खेपेस किंचित झिजतो, हे खरे आहे. परंतु ड्राइव्हमधला नियंत्रक ही झीज सर्व पेशींवर सारखी वाटत राहतो, आणि घरगुती वापरात होणारे लेखन त्या मानाने फारच थोडे असते. ‘द टेक रिपोर्ट’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात २५० जीबीच्या आसपासच्या सहा एसएसडींवर त्या मरेपर्यंत अखंड लिहीत राहण्याचा प्रयोग केला होता. पहिला बळी ७०० टेराबाइटांच्या पुढे पडला आणि शेवटची एसएसडी २.४ पेटाबाइटांपर्यंत, म्हणजे २,४०० टेराबाइटांपर्यंत, तगली. आजच्या स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिटे कोंबणाऱ्या) ड्राइव्हकडून एवढी अपेक्षा ठेवता येणार नाही, परंतु प्रश्नपत्रिका, फोटो, बँकेची कामे आणि यूट्यूब एवढ्यावर कोणाचा ड्राइव्ह झिजून गेला असे क्वचितच घडते.

तेव्हा जपणुकीच्या नावाखाली तुम्ही जे उपाय केलेत, त्यांपैकी बहुतेक परत फिरवावेत असे मी सुचवीन. ‘मेमरी अपुरी’ हा संदेश पेज फाइल बंद केल्याचे थेट फळ आहे. ८ जीबी रॅम भरली की विंडोजला काही मजकूर तात्पुरता ड्राइव्हवर उतरवून जागा करावी लागते, आणि तुम्ही नेमकी तीच वाट बुजवली आहे. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये व्हर्च्युअल मेमरीच्या खिडकीत जाऊन सर्वांत वरचा, विंडोजनेच आकार ठरवावा असे सांगणारा चौकोन पुन्हा टिकमार्क करा आणि संगणक एकदा रीस्टार्ट करा. ब्राउझरची कॅशही एसएसडीवर परत आणा, कारण हार्ड डिस्कचे डोके जागेवर पोहोचायलाच दहा-बारा मिलिसेकंद घेते आणि एसएसडी तेच काम त्याच्या शंभराव्या हिश्श्यात करते. याच फरकासाठी तर आपण पैसे मोजलेले असतात. हायबरनेशन मात्र बंदच राहू द्या. डेस्कटॉपला त्याची फारशी गरज नसते, आणि त्याची फाइल तीन-चार जीबी जागा अडवते, ती सुटते.

डीफ्रॅग आजपासून थांबवा आणि तो प्रोग्रॅमही काढून टाका. हार्ड डिस्कवर एका फाइलचे तुकडे लांबलांब विखुरले तर डोक्याला हिंडावे लागते, म्हणून ते एकत्र आणण्यात अर्थ होता. एसएसडीत हिंडणारे काहीच नाही, सगळे कप्पे सारख्याच अंतरावर असल्यासारखे आहेत. म्हणजे झीज वाचवण्यासाठी एवढी पथ्ये पाळताना दर महिन्याला अनेक जीबींचे निष्कारण लेखन मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने करत होतात. ज्या साप्ताहिक ऑप्टिमायझेशनला तुम्ही थांबवलेत, ते विंडोज ८ पासून समोर एसएसडी आहे हे ओळखते आणि तिच्यावर सर्रास डीफ्रॅग न करता ट्रिम नावाची आज्ञा पाठवते. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ ही खिडकी उघडा, तुमच्या ड्राइव्हपुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिलेले आहे याची खात्री करा, वेळापत्रक पुन्हा सुरू करा आणि एकदा हाताने ‘ऑप्टिमाइझ’ दाबा.

ट्रिम म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे, कारण तुमच्या मंदावलेल्या वेगाचे मूळ त्याच्याजवळच आहे. फ्लॅश स्मृतीत लेखन काही किलोबाइटांच्या पानांत होते, पुसणे मात्र अशा शेकडो पानांच्या अख्ख्या ब्लॉकचेच होते. तुमच्या वर्गातल्या फळ्यावर ओळ ओळ लिहिता यावी, पण पुसायचा तर संपूर्ण फळाच पुसावा लागावा, तशी ही रचना आहे. तुम्ही एखादी फाइल उडवता तेव्हा विंडोज केवळ आपल्या यादीतून तिची नोंद काढते. ती पाने आता निरुपयोगी झाली आहेत, हे ड्राइव्हला ट्रिमद्वारे कळवले नाही, तर तो ती जपून ठेवतो आणि आतल्या आत इकडून तिकडे हलवीत राहतो. फाइल उडवतानाच विंडोज ही सूचना देत असते, आणि त्यातून निसटलेल्या जागांची फेरसूचना साप्ताहिक फेरीत दिली जाते. याची एक दुसरी बाजूही ध्यानात ठेवा : ट्रिम झालेली फाइल सहसा कोणत्याही रिकव्हरी प्रोग्रॅमने परत येत नाही. हार्ड डिस्कवरून चुकून उडवलेले फोटो पूर्वी कोणी परत मिळवून दिले असतील, तर तो भरवसा एसएसडीच्या बाबतीत धरू नका.

आता वेगाविषयी. तुमचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ४४७ जीबीचा दिसतो, यात फसवणूक नाही. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. खरी अडचण ही, की त्यातले फक्त १९ जीबी मोकळे आहेत. घरगुती एसएसडी मोकळ्या जागेचा काही भाग जलद लेखनासाठी तात्पुरता वापरते : येणारी माहिती तेथे भराभर उतरवून घ्यायची आणि मागाहून सवडीने ती दाटीवाटीने रचायची. जागा संपत आली की हा भाग आक्रसतो आणि लिहिण्यापूर्वी पुसण्यासाठी ब्लॉक मोकळे करत बसावे लागते. त्यामुळे जो साटा ड्राइव्ह सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास धावतो, तोच पन्नासावर रखडतो. काही स्वस्त ड्राइव्ह तर या अवस्थेत हार्ड डिस्कच्याही मागे पडतात. ड्राइव्हचा सुमारे पाचवा हिस्सा, तुमच्या बाबतीत ८०-९० जीबी, कायम मोकळा ठेवा. लग्नाचे व्हिडिओ आणि वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या फाइली १ टीबीच्या हार्ड डिस्कवर हलवा. त्या डिस्कचा खरा उपयोग हाच आहे.

येथवरच्या गोष्टी सोयीच्या होत्या. काळजीची गोष्ट त्याच छायाचित्रात, आरोग्याच्या टक्केवारीच्या बरीच खाली आहे, आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही. ‘अनएक्स्पेक्टेड पॉवर लॉस काउंट’ या ओळीपुढे २१२ हा आकडा आहे. संगणक रीतसर बंद न होता ड्राइव्हची वीज अचानक तुटली, असे या चौदा महिन्यांत २१२ वेळा, म्हणजे सरासरी दर दोन दिवसांनी एकदा घडले आहे. (बटण दाबून धरून संगणक बंद करण्याची सवय असेल, तर तीही यातच मोजली जाते.) माझ्या मते तुमच्या ड्राइव्हला झिजेपेक्षा या आकड्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक आहे.

असे का, ते पाहा. कोणती माहिती कोणत्या पेशींत आहे याचा एक नकाशा नियंत्रकाजवळ असतो. झीज वाटून घेण्यासाठी माहितीची जागा सतत बदलत असल्यामुळे हा नकाशाही सतत बदलत असतो, आणि त्याचा ताजा भाग काही काळ वीज गेली की विरून जाणाऱ्या स्मृतीतच असतो. शिवाय टीएलसी प्रकारात एकाच पेशीत तीन बिटे रचलेली असतात. त्यामुळे लेखन अर्धवट तुटले, तर नवी माहिती जातेच, आणि त्याच पेशींत आधी सुखरूप असलेली माहितीही बिघडू शकते. सर्व्हरसाठीच्या एसएसडींमध्ये वीज तुटल्यावर काही क्षण पुरतील असे कपॅसिटर बसवलेले असतात. घरगुती ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात. चांगला नियंत्रक पुढच्या वेळी सुरू होताना नकाशाची जुळवाजुळव करून घेतो, म्हणूनच तुमचा ड्राइव्ह २१२ वेळा तरला आहे. पण ज्या दिवशी ही जुळवाजुळव फसते, त्या दिवशी आरोग्य ९५ टक्के असूनही ड्राइव्ह बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, दिसेनासा होतो. हार्ड डिस्क बहुधा कुरकुर करते, खटखट आवाज काढते, चार दिवस आधी कळवते. एसएसडी बहुतेक वेळा काहीच न कळवता जाते.

म्हणून पहिला खर्च यूपीएसवर करा. घरगुती डेस्कटॉपला ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. त्यावर संगणक, मॉनिटर आणि राउटर एवढेच जोडा, लेसर प्रिंटर मुळीच जोडू नका. मिळणारी काही मिनिटे काम पुढे चालू ठेवण्यासाठी नसतात, फाइल जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतात. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, तेव्हा वर्षातून एकदा मुख्य वीज मुद्दाम बंद करून तो किती वेळ तग धरतो ते पाहावे. घरात इन्व्हर्टर असेल आणि संगणक त्याच्याच लाइनवर असेल, तर आधी इन्व्हर्टरच्या मागची कळ तपासा. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ अशा दोन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत विजेवरून बॅटरीवर जायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, दुसरीत त्याच्या कितीतरी पट. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंदांची खंड कशीबशी सोसतो. तेव्हा पंखे-दिवे न विझता संगणक तेवढा रीस्टार्ट होत असेल, तर ती कळ चुकीच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि हा उपाय फुकटचा आहे.

वीज गेल्यानंतर एखाद्या दिवशी ड्राइव्ह दिसेनासा झालाच, तर घाईने फॉरमॅट करू नका. संगणक बंद करा, डेटा केबल काढा, पॉवर केबल तशीच ठेवा आणि संगणक सुरू करून ड्राइव्हला वीस मिनिटे नुसती वीज मिळू द्या. मग संगणक बंद करून पॉवर केबल अर्धा मिनिट काढा आणि हेच आणखी एकदा करा. एवढ्यावर नकाशा सावरला आणि ड्राइव्ह परत दिसू लागला, असे घडते, आणि काही उत्पादकांच्या मदत-पानांवरही हाच क्रम सुचवलेला असतो. परत दिसू लागला, की दुसरे काहीही करण्याआधी फोटो उतरवून घ्या.

अकोल्याच्या उन्हाळ्याची धास्ती तुम्ही घेतली असेल, तर ती या ड्राइव्हपुरती सोडून द्या. छायाचित्रात दिसणारे ४४ अंश तापमान साटा एसएसडीला सहज सोसते, कारण अशा ड्राइव्हची कामकाजाची मर्यादा सहसा ७० अंशांपर्यंत असते. तापण्याचा प्रश्न मदरबोर्डवर आडव्या बसणाऱ्या, साटाहून वेगवान अशा एनव्हीएमई ड्राइव्हचा अधिक असतो.

कपाटातल्या एसएसडीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल मी तुम्हाला स्पष्टच सांगेन : ती आजच बाहेर काढा. पेशींत कोंडलेला विद्युतभार हळूहळू पाझरत असतो आणि उष्णतेत अधिक लवकर पाझरतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे, की लेखनाची मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी. कमी वापरलेला ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक टिकवतो. परंतु मेहुण्यांकडे तो किती वापरला गेला हे तुम्हाला माहीत नाही, आणि अकोल्यातल्या बंद खोलीतले लोखंडी कपाट मे महिन्यात ३० अंशांवर राहत नाही. तो जोडून सगळे फोटो एकदा कॉपी करून घ्या, आणि पुढे वर्षानुवर्षे नुसते ठेवून द्यायचे असेल, तर त्यासाठी हार्ड डिस्क निवडा.

आता राहिला फोटोंचा प्रश्न, ज्याचा उल्लेख तुम्ही शेवटी केलात, पण माझ्या दृष्टीने तो पहिला आहे. त्याच कॅबिनेटमधल्या हार्ड डिस्कवर ठेवलेली दुसरी प्रत ही पुरती प्रत नव्हे. एसएमपीएस जळाला, घरात चोरी झाली किंवा खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर दोन्ही एकदमच जातात. १ टीबीची एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या, तीवर विंडोजची ‘फाइल हिस्ट्री’ ही आपोआप प्रत घेणारी सोय सुरू करा, आठवड्यातून एकदा ती जोडा आणि काम झाले की काढून ठेवा. तिसरी प्रत दुसऱ्या गावी असावी. तुमच्या कन्या पुण्यात असतात असे छायाचित्रासोबतच्या टिपणात लिहिले आहे, तर त्या दिवाळीला आल्या म्हणजे एका डिस्कवर वर्षभराचे फोटो भरून त्यांच्यासोबत द्या. प्रत घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिच्यातून चार-दोन फोटो उघडून पाहा. विंडोज ११ वापरत असाल, तर ड्राइव्ह आपोआप कूटबद्ध झालेला असू शकतो. सेटिंगमध्ये तसे दिसले, तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झाली आहे का ते पाहून कागदावर उतरवून ठेवा. मदरबोर्ड गेला आणि ती की नसली, तर धडधाकट एसएसडीतले फोटोही तुम्हाला उघडता येणार नाहीत.

प्रत घेतल्यानंतरच, आणि यूपीएस बसल्यावरच, उत्पादकाच्या प्रोग्रॅममधून ड्राइव्हचे फर्मवेअर (ड्राइव्हच्या आत चालणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम) ताजे आहे का ते पाहा. वर्षातून एकदा पाहिले तरी चालेल, पण अजिबात टाळू नये. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हेवलेट पॅकर्ड एंटरप्राइझने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबाबत जाहीर केले होते, की जुन्या फर्मवेअरवर त्या ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि त्यातली माहितीही परत मिळणार नाही. सोळा बिटांच्या चिन्हांकित संख्येची कमाल ३२,७६७ असते, त्यामुळे चूक कोणत्या जातीची असावी हे ओळखणे अवघड नाही. पेशी ठणठणीत होत्या, तासांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम चुकला होता, आणि नवे फर्मवेअर चढवणे एवढाच त्यावर उपाय होता.

कामांचा क्रम सांगायचा, तर आधी बाहेरची डिस्क आणि प्रत, मग यूपीएस, मग जागा मोकळी करणे, आणि सेटिंगची उलटफेर सर्वांत शेवटी. महिन्याभराने क्रिस्टलडिस्कइन्फोची खिडकी पुन्हा उघडाल, तेव्हा टक्केवारीकडे पाहू नका. २१२ हा आकडा तेथेच थांबला आहे का, तेवढे पाहा, आणि तो पुढे सरकलेला दिसला, तर मला नव्या छायाचित्रासह अवश्य कळवा.